दादूकाकांना मारायचं की ठेवायचं

कुंदा घाडी मालिका बघायला बसली की टीव्हीलाच घाम फुटतो, असं चारकोपच्या त्या गल्लीत सगळे म्हणत. ‘चौकीसमोरचं घर’ सुरू झालं की तिच्या तोंडाचा पट्टा जो सुटायचा, तो थेट शेवटच्या जाहिरातीला थांबायचा. मालिका पोलिसांच्या कुटुंबाची. सून इन्स्पेक्टर, मुलगा फौजदार, सासरे निवृत्त एसीपी. सासूबाई तेवढ्या कधी पोलिसात नव्हत्या, पण घरात सगळ्यांत जास्त चौकशा त्याच करायच्या. सून मोकळ्या केसांनी धाड घालायला निघाली की कुंदा म्हणायची, आधी वेणी घाल बाय, चोर कुठे जात नाय, तुझं तोंड तीनदा दाखवून होईपर्यंत थांबणार आहे तो. फौजदार रडायला लागला की म्हणायची, घ्या, ह्याच्या डोळ्यात परत कायतरी गेलं. सासूबाईंनी एकदा खुन्याला शिरा खायला घालून गुन्हा कबूल करून घेतला, ते मात्र तिला पटलं होतं. शिऱ्यात तूप सढळ असेल तर माणूस काय वाटेल ते कबूल करतो, म्हणाली.

सगळ्यांवर मत द्यायची. फक्त एका माणसावर चकार शब्द नाही. हवालदार दादूकाका. एसीपी साहेबांचा धाकटा भाऊ, सगळ्या अधिकाऱ्यांच्या घरात एकटाच हवालदार राहिलेला. हा माणूस दाराच्या चौकटीत यायचा, टाचा जुळवायचा, नाकासमोर बघत म्हणायचा, “साहेब, गाडी तयार आहे,” की गेला. एपिसोडला एक वाक्य. ते वाक्य होईपर्यंत कुंदा श्वास धरून बसायची आणि झालं की पदराने कपाळ पुसायची. कारण दादूकाका म्हणजे तिचा नवरा, सहदेव घाडी.

सहदेवचे वडील परळच्या गिरणीत होते. गिरणी गेली, खोली गेली, आणि घाडी कुटुंब कांदिवलीला चारकोपच्या एका लहान घरात आलं. सहदेव औषधाच्या कंपनीत गोदाम सांभाळायचा. आयुष्यभर एकच धर्म पाळला: आधी आलेलं आधी जाईल. जुनी खोकी पुढे, नवी मागे, लेबल माणसाकडे तोंड करून. कंपनीत साहेब खूश, घरी कुंदा खूश, कारण तो सकाळी जायचा आणि संध्याकाळी यायचा. मग तो निवृत्त झाला आणि त्याला दुसरं गोदाम सापडलं. कुंदाचं स्वयंपाकघर.

पहिल्यांदा त्याने डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. कुंदा हसली. मग त्याने डबे अक्षरांच्या क्रमाने लावले. कुंदाचं हसू गेलं, कारण हळद सगळ्यांच्या मागे, भिंतीला चिकटून. रोजच्या फोडणीला लागते हो ती, असं ती म्हणाली, तर हा शांतपणे म्हणाला की वर्णमालेत ह शेवटी येतो, त्याला मी काय करू. ती आमटीला उकळी आणायची, हा मागून झाकण उचलून बघायचा आणि काही न बोलता परत ठेवायचा. काही बोलला असता तर परवडलं असतं. टॉवेलची घडी घालताना काठ एकाच दिशेला हवेत, कोकमाची बरणी नवी असेल तर मागे, पोळी कोणती आधी लाटली तीच आधी खायची. कुंदा शेजारच्या चेतनाकडे जाऊन बसायची नि सांगायची, एक दिवस हा माका पण तारीख बघून भायर काढतलो.

तिला सोडवलं गल्लीतल्या नितेशने. तो गोरेगावच्या स्टुडिओत गर्दीला माणसं पुरवायचा. बँकेच्या सीनला रांग हवी, लग्नाच्या सीनला वऱ्हाडी हवेत, की नितेशचा फोन. एकदा पोलीस चौकीत उभं राहायला माणूस कमी पडला आणि तो सहदेवला घेऊन गेला. बाकीचे हवालदार जांभया देत होते, बूट बदलत होते. सहदेव मात्र असा उभा राहिला, जसा तो औषधाच्या ट्रकसमोर उभा राहायचा: हलणार नाही, पण एक खोकं इकडचं तिकडे होऊ देणार नाही. दिग्दर्शक नंदकिशोर त्याच्याकडे बघून म्हणाला की हा माणूस मला घरात पाहिजे. तेव्हापासून दादूकाका.

मग काय विचारता. सकाळी डबा घेऊन जातो, संध्याकाळी दमून येतो, डब्यांकडे ढुंकून बघत नाही. हळद पुढे आली. कुंदाने चिठ्ठ्या एकेक करून उपटल्या, त्याच्या लक्षातही आलं नाही. गल्लीतली पोरं त्याला अडवून वाक्य म्हणायला लावायची आणि तो न हसता, टाचा जुळवून, म्हणून दाखवायचा. मिशीला कंगवा लागायला लागला. आंघोळ करताना शीळ घालायला लागला, जी कुंदाने लग्नानंतर एकदा ऐकली होती आणि तेव्हाही गॅस सिलिंडर मिळाला म्हणून. घर सुखात होतं, आणि ह्या सुखाला एकच खांब होता: गाडी रोज तयार असणं.

तो खांब मढला, समुद्राकाठच्या शूटिंगच्या एका बंगल्यात हलला.

त्या दिवशी सहदेव घरी आला तो मिशीत वाळू घेऊन. चपला काढल्या, पाणी प्यायला आणि म्हणाला, “आज मला गोळी घातली.”

“कोणी?”

“भाईंदरचा मुलगा आहे. सज्जन आहे. आधी सॉरी काका म्हणाला.”

मग सगळी हकिगत सांगितली. सूनबाईंवर झाडलेली गोळी मध्ये येऊन दादूकाकांनी छातीवर घेतली. बंगल्याच्या कुंपणापलीकडे बायका बोंबील निवडत होत्या, त्यांनी काम सोडून सगळा सीन बघितला. पहिल्यांदा पडला तर त्या म्हणाल्या, हा पडतोय का बसतोय. दुसऱ्यांदा पडला तर म्हणाल्या, गुडघे आधी टेकवतोय, गोळी छातीत लागलीय ना. तिसऱ्यांदा त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पडला आणि नंदकिशोर ओके म्हणाला. आता एपिसोडच्या शेवटी दादूकाका ऑपरेशन थिएटरमध्ये, लाल दिवा चालू. पुढे काय, हे नंदकिशोरलाही माहीत नव्हतं. चॅनेल आधी प्रेक्षकांना दाखवून त्यांची मतं घेणार होतं. मतांप्रमाणे मारणार नाहीतर ठेवणार.

एवढं सांगून सहदेव उठला आणि स्वयंपाकघरात गेला. कुंदाने डोकावून बघितलं. तो फळीसमोर उभा होता. त्याने रव्याचा डबा उचलला, उलटा करून बुडाला तारीख शोधली, परत ठेवला. मग हळदीकडे हात नेला.

कुंदाला काळजी लागली. आणि खरं सांगायचं तर ती नुसती हळदीची नव्हती. नवरा शीळ घालत नव्हता.

दुसऱ्या दिवशी चेतना सांगत आली. चेतना वॉर्ड ऑफिसात कामाला, मूळची अकोल्याकडची, बोलायला कमी आणि बोलली की लिंबासारखी. प्रेक्षकांची मतं घेणाऱ्या कंपनीची एक मुलगी गल्लीत घरं बघत फिरत होती आणि तिला चेतनाचा हॉल आवडला होता. आठ बायका जमवा, एपिसोड बघा, मतं द्या. अट एकच: मालिकेतल्या कुणाशी कुणाचं नातं नको. “मी सांगितलं, आमच्या गल्लीत कुणाचं कुणाशी काही नातं नाही,” चेतना म्हणाली. “सगळे एकमेकांना नुसते ओळखतात.”

कुंदाचे डोळे लकाकले. तिने माहेरचं नाव लावून यायचं ठरवलं, कुंदा साटम. बाकीच्या बायका गल्लीतल्याच, त्यामुळे सहदेव सगळ्यांच्या घरचा. गच्चीवर कपडे वाळत घालता घालता कुंदाने सगळ्यांना शिकवणी दिली. मुद्दा सोपा होता. दादूकाका लोकांना किती हवाय हे दाखवायचं. कसं दाखवायचं? रडून. दुकानात ज्या साडीवर बायका तुटून पडतात, ती दुकानदार काढून टाकतो काय? उलट पुढे टांगतो. तसंच हे. गोळी लागली की रडायचं. हळूच नाही, मनापासून.

सगळ्यांत जास्त भरवसा होता सुंदराबाईंवर. त्या ह्या गल्लीच्या आजी, मालवणहून लग्न करून आलेल्या, अजून बोलणं जसंच्या तसं. कुणाच्याही घरी कुणी गेल्याची बातमी आली की आधी सुंदराबाईंना बोलवायचे, कारण त्या रडायला लागल्या की बाकीच्यांना वाट सापडायची. त्यांनी गच्चीवर नमुना म्हणून थोडंसं रडून दाखवलं तर खालून दोन माणसं वर धावत आली.

शनिवारी दुपारी चेतनाच्या हॉलमध्ये बैठक भरली. मतं घेणारी मुलगी श्रुतिका, मुलुंडची, पाठीला सॅक, बोलणं असं की प्रत्येक वाक्याला दोन भाषांचे टेकू. “काकू, रिलॅक्स व्हा, राइट आन्सर राँग आन्सर असं काही नाहीये, जे फील होईल ना, ते बिनधास्त बोला.” तिने छोटा रेकॉर्डर टीपॉयवर चालू करून ठेवला, टाईप करायला फोन हातात घेतला आणि एपिसोड सुरू केला.

सुरुवातीला बायका ठरल्याप्रमाणे शहाण्या मुलींसारख्या बसल्या. पण सूनबाई मोकळ्या केसांनी मढच्या बंगल्यात शिरल्या आणि कुंदाला राहवलं नाही. म्हणाली, बाई रबर तरी लाव. मग झालं. एक म्हणाली, एवढ्या मोठ्या गुंडाच्या घरी पडदे कसले भिकार. दुसरी म्हणाली, फौजदार जीपमध्ये बसून फोनवर आईशी भांडतोय, मग चोर कोण बघणार. चेतना म्हणाली की सरकारी जीप इतकी स्वच्छ असणं हाच मला सगळ्यांत मोठा गुन्हा वाटतो. श्रुतिका मान डोलवत होती, टकाटक टाईप करत होती.

आणि मग गोळी सुटली. दादूकाका मध्ये आले, छातीला हात लावला, बोंबीलवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे पडले. कुंदाने डोळ्याने खूण केली. पण त्याची गरज नव्हती. आपल्या गल्लीतला माणूस, ज्याने काल भाजी आणताना आपली पिशवी धरली, तो वाळूत पडलाय म्हटल्यावर बायकांचं खरंच आतलं हललं. सुंदराबाईंनी ऊर बडवला आणि सूर लावला, “अरे सहदेवा, गेलंस रे बाबा...”

श्रुतिकाने मान वर केली. “सहदेव कोण?”

बायकांचे रुमाल डोळ्यांपाशीच राहिले. टीव्हीवरचे डॉक्टरसुद्धा थांबल्यासारखे वाटले.

“महाभारतातला,” चेतना म्हणाली. “दुःख झालं की आजी पांडवांना हाका मारतात.”

“पाचही जणांना?”

“जमलं तर. बहुतेक सहदेवावरच थांबतात.”

श्रुतिकाने तेही टाईप केलं. एपिसोड संपेपर्यंत चेतनाच्या घरातले रुमाल संपले, मग पायपुसणं सोडून सगळं कापड संपलं. कुंदा नाक पुसत मनात हिशोब करत होती की आता पुढची निदान दोन वर्षं तरी बघायला नको. श्रुतिका खूश होऊन उठली, चॅनेलच्या साहेबांना फोन लावला आणि गॅलरीत जाऊन बोलायला लागली. कुंदा पाणी आणायच्या निमित्ताने दाराशी सरकली.

“सर, सॉलिड वर्क होतंय,” श्रुतिका सांगत होती. “सगळ्या रडल्या, अक्षरशः सगळ्या. एक आजी तर पांडवांना बोलवतायत. नाही सर, वाचवायचं कशाला? नुसत्या गोळीला एवढं इमोशन आहे, तर अंत्यविधीला काय होईल विचार करा.”

कुंदाने तांब्या तिथेच खाली ठेवला. जिच्यावर बायका तुटून पडतात ती साडी दुकानदार पुढे टांगतो हे बरोबर होतं. पण टांगतोच की.

ती आत आली आणि श्रुतिकाची पाठ वळलेली असतानाच सगळ्यांना खुणा केल्या: डोळे पुसा, डोळे पुसा. श्रुतिका परत येऊन बसली, तेव्हा कुंदाने पदर खोचला आणि सांगितलं की आम्ही आपलं उगाच रडलो, बायकांची सवय असते, त्या काकाचं काही एवढं नाही. मरण्याइतका मोठा नाहीच आहे तो. एक वाक्य बोलतो, तेही गाडीबद्दल.

श्रुतिकाला हे नवीन होतं. “म्हणजे काकू, तुम्हाला तो आवडत नाही?”

आता आवडत नाही म्हणायचं तर कारण हवं. कुंदाने तोंड उघडलं आणि जे बाहेर पडलं ते तिने ठरवलं नव्हतं. “आवडायचं काय त्याच्यात? सारखा मध्ये मध्ये. झाकण उचलून बघतो नि काय बोलत नाय. अरे, बोल ना, मीठ कमी आहे तर बोल. नाय. परत झाकण ठेवतो. डब्यांना चिठ्ठ्या लावतो. हळद सगळ्यांच्या मागे. टॉवेल घडी घालतो तर काठ मोजून. पोळी वरची उचललीस काय, खालची आधी झाली होती. अरे, पोट भरायला बसलायस का माल उतरवायला?”

श्रुतिका फोनच्या स्क्रीनवर बोट वर-खाली करत होती. “काकू, हे कुठल्या एपिसोडमध्ये होतं? माझ्याकडे नाहीये.”

“दुपारच्या रिपीटला दाखवतात,” चेतना म्हणाली.

श्रुतिकाने खांदे उडवले. तिच्या मते सगळं छान जुळत होतं. अर्ध्या प्रेक्षकांना काका आवडतो, तो मेला तर त्या रडतील. अर्ध्यांना काका इरिटेट करतो, तो मेला तर त्यांना बरं वाटेल. “म्हणजे दोन्हीकडून डेथच बेस्ट ना?”

रडलं तरी मारतात, शिव्या दिल्या तरी मारतात. कुंदाला उगाचच त्या दिवशी फळीसमोर उभी राहिलेली ती पाठ आठवली. “नको गं,” ती म्हणाली, एवढंच, आणि ह्या वेळी रुमाल शोधावा लागला तो खराच. श्रुतिकाने ते टाईप केलं नाही. काय लिहावं तिला कळलं नसावं.

तेवढ्यात टीव्हीवर पुढच्या भागांची झलक लागली. चौकीसमोरच्या घरात गणपतीची तयारी. केवढं मखर, सूनबाई नऊवारीत, सासूबाई मोदकाला पाकळ्या पाडतायत, फौजदार ढोल वाजवतोय आणि चक्क हसतोय. दोन तासांचा महाएपिसोड, येत्या चतुर्थीला. सुंदराबाई डोळे पुसत बघत होत्या. त्यांनी चष्मा सारखा केला आणि अगदी सहज विचारलं, “म्हणजे ह्येंच्या घरात यंदा गणपती येवचो नाय?”

“का नाही येणार आजी? हा बघा ना, मखर रेडी आहे.”

“अगो, पण काको मेलो तर सुतक नाय ह्येंका?”

कुंदाने सुंदराबाईंकडे असं बघितलं, जसं बाई बघते हरवलेली किल्ली पदराच्याच टोकाला सापडली की.

“तेच म्हणतेय मी कधीपासून,” ती म्हणाली, जरी ती अजिबात म्हणत नव्हती. “सख्खा काका. एकाच घरात राहणारा. त्याला चितेवर ठेवून हे मखर बांधणार? सुनेला नऊवारी नेसवून फुगडी घालायला लावणार?”

आणि मग चेतनाच्या हॉलमध्ये ते भांडण सुरू झालं, जे कोकणातल्या आठ बायका एकत्र आल्या की कधी ना कधी व्हायचंच असतं. एकीचं म्हणणं, दहा दिवस पाळले की झालं. दुसरी म्हणाली, दहा दिवस तुमच्याकडे असेल, आमच्या वाडीत वर्ष फुकट जातं, भावकीत कोणी गेलं तर त्या वर्षी गणपती नाही म्हणजे नाही. तिसरी म्हणाली, आमच्याकडे शेजाऱ्याच्या हातून पूजा करून घेतात. सुंदराबाई म्हणाल्या, मग मोदक पण शेजाऱ्यान खावचे काय. कुणी माघी गणपती सुचवला, तिला सगळ्यांनी मिळून गप्प केलं. कुणाचं कुणाशी पटलं नाही, पण एका गोष्टीवर सगळ्या एक झाल्या: सुतक असताना मखर दाखवलंत तर टीव्ही बंद. आणि फक्त आमचा नाही, गावापर्यंत फोन जातील.

श्रुतिकाने शेवटी चेतनाकडे बघितलं, कारण ती एकटीच बसून चहा पीत होती. “मॅडम, तुम्ही सांगा ना.”

“आमच्यात हे काही नसतं,” चेतना म्हणाली. “आम्ही बौद्ध. पण ह्या गल्लीत वीस वर्षं काढली, म्हणून सांगते. ह्या बायकांची लाईट घालवा, पाणी घालवा, निभावतील. गणपती चुकवू नका.”

श्रुतिका पुन्हा गॅलरीत गेली. ह्या वेळी आवाज लहान होता. मग तिने दारातून मान आत घातली. “सर विचारतायत, काका सख्खे आहेत की मानलेले?”

“सख्खे,” आठ जणी म्हणाल्या.

ती गेली, परत आली. “सर म्हणतायत, मानलेले करता येतील का?”

कुंदा उभी राहिली. तिने श्रुतिकाला आठवण करून दिली की मागच्या दिवाळीला एसीपी साहेबांना झटका आला होता, तेव्हा ते दादूकाकांचा हात धरून काय म्हणाले होते. तिने साहेबांचा तो घोगरा, थांबत थांबत येणारा आवाज काढून ते वाक्यच म्हणून दाखवलं, “दादू... एकाच आईचं... दूध प्यायलोय आपण.” आवाज इतका हुबेहूब होता, की सुंदराबाईंना परत भरून आलं. श्रुतिका म्हणाली, “शिट, हो,” आणि फोनवर सांगितलं की नाही सर, दूध प्यायलेत.

मग बराच वेळ ती नुसती हं हं करत होती. गणपतीचे भाग आधीच शूट झाले होते. सेट गोरेगावला उभा होता, मोदकाच्या साच्यांची जाहिरात ठरली होती, आणि सरांची स्वतःची आई दापोलीची निघाली. श्रुतिका आत आली, सॅक उचलली आणि म्हणाली की काका कोमात राहतील. कुंदाने विचारलं, कोमात सुतक लागत नाही ना. सगळ्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि पहिल्यांदाच एकमत झालं, की नाही लागत.

सहदेव ह्यातलं काही न कळता दुसऱ्या आठवड्यापासून परत कामावर जाऊ लागला. काम म्हणजे गोरेगावच्या सेटवर पलंगावर पडायचं, नाकात नळी, डोळे मिटलेले. बाजूला कुटुंबीय येऊन रडून जायचे, मखरातून प्रसाद आणून उशाशी ठेवायचे. नंदकिशोर म्हणाला होता की असा कोमा त्याने आयुष्यात बघितला नाही, इतका शिस्तीत. वाक्य नव्हतं, पण गाडी रोज न्यायला येत होती, आणि न्हाणीघरातून शीळही. कुंदाची हळद जागेवर. गल्लीतले गणपती आले, गेले. गौरी जेवल्या. सगळं सुरळीत.

विसर्जन झालं आणि पितृपक्ष लागला तशी कुंदाला धास्ती बसली. कॅलेंडरसमोर उभी राहून तिने चेतनाला दाखवलं, बघ, पुढे नवरात्र, दसरा, दिवाळी, तुळशीचं लग्न, सगळीकडे माणूस जिवंत पाहिजे. हाच एक पंधरवडा. ह्यांनी मारला तर आत्ताच मारतील. तिने श्रुतिकाला फोनही केला, साटमकाकू बोलतेय, पुढची मीटिंग कधी म्हणून. श्रुतिका फोनवर नुसती हसली.

त्याच संध्याकाळी सहदेव घरी आला. चपला काढल्या, पाणी प्यायला. चेहऱ्यावर वाळू नव्हती, पण काहीतरी होतं, कारण मिशी एका बाजूने हलत होती.

“आज शुद्धीवर आलो,” तो म्हणाला.

कुंदाने भाताखालचा गॅस बारीक केला. देवाकडे बघून हात जोडले. मग विचारलं, आता परत गाडीवर का.

नाही, सहदेव म्हणाला. छातीत गोळी लागल्यामुळे दादूकाकांना धावपळ बंद. डॉक्टरांनी घरी बसवलंय. त्यामुळे काका आता दिवसभर स्वयंपाकघरात. लेखकांना काही सुचत नव्हतं, पण मतं घेणाऱ्या कंपनीकडून एका बाईचं रेकॉर्डिंग आलं होतं, त्यात सगळं तयार होतं. झाकण उचलणं, डब्यांना चिठ्ठ्या, टॉवेलचे काठ. नंदकिशोर म्हणाला, हे लिहिणाऱ्याला सुचणार नाही, हे घरातलं आहे. सासूबाई विरुद्ध दादूकाका, रोज एक सीन. वाक्यं एवढी, की पाठ करायला कागद घरी दिलाय.

“नंदकिशोरने ते रेकॉर्डिंग सगळ्या युनिटला ऐकवलं,” सहदेव म्हणाला. “साटम नावाच्या बाई आहेत. फार बोलल्या माझ्याबद्दल. माल उतरवायला बसलायस का, म्हणाल्या.”

कुंदा भाताकडे बघत होती. भाताला आज बघण्यासारखं काही नव्हतं.

“शेवटी मात्र नको गं म्हणाल्या. तेवढं मी परत लावायला सांगितलं.” त्याने मिशीवरून बोट फिरवलं. “आवाज ओळखीचा वाटला.”

“साटम खूप असतात कोकणात,” कुंदा म्हणाली.

“असतात ना.” त्याने खिशातून कागद काढला, चष्मा लावला आणि उठला. उद्या पहिलाच सीन डब्यांचा होता, सराव करायला हवा होता. तो फळीसमोर जाऊन उभा राहिला आणि अदबीने विचारलं की हात लावू ना, कामाचं आहे.

कुंदाने कपाळाला हात लावून स्वतःच हळदीचा डबा उचलला, सगळ्यांच्या मागे, भिंतीला चिकटवून ठेवला, दाराच्या चौकटीत जाऊन टाचा जुळवल्या आणि हुबेहूब त्याच्याच आवाजात, नाकासमोर बघत म्हणाली, “साहेब, हळद तयार आहे.”